आजोबा जेवले नाहीत

१

सोमवारी सकाळी श्वेतानं इन्क्युबेटरमधून आजोबांना बाहेर काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि डोळा लावला. आजोबा मेले होते. एकूण एक फ्लास्कमधले मेले होते. ती धावत नायट्रोजनच्या टाकीकडे गेली, कारण तिथं आजोबांच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या होत्या. टाकीतला तो कप्पा रिकामा होता.

वच्छलाबाई गजभियेंनी हे सगळं दुपारी ऐकलं, प्रताप नगरातल्या आपल्या घरी, भाचीच्या हुंदक्यांतून. आजोबा म्हणजे कोणी माणूस नव्हे, हे कळेपर्यंतच त्यांचा चहा निवून गेला.

गोष्ट अशी होती. नागपुरात कुठल्याशा म्हाताऱ्याच्या हृदयाचं बायपास झालं. बायपास करताना पायातली शीर काढून छातीत जोडतात. जोडून उरलेला शिरेचा तुकडा श्वेताच्या संस्थेत आला आणि त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी काचेत वाढवल्या गेल्या. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी काचेत फार टिकत नाहीत. पेशी दुभंगून दोन झाली की तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. झिजता झिजता अशी वेळ येते की पेशी हात टेकते आणि वाढायची थांबते. तेच तिचं म्हातारपण. पण या बाबाच्या पेशी हात टेकायला तयारच नव्हत्या. दोन वर्षं झाली, वाढतायत तर वाढतायत! नाव कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना आजोबा म्हणायची. पोषणाचं पाणी बदललं का, हे विचारायचं असलं की पोरं विचारायची, आजोबा जेवले का.

या आजोबांच्या जिवावर संचालक डॉ. चंपतराव ढोबळे पुढच्या महिन्यात दिल्लीत मोठी घोषणा करणार होते. त्यांनी सकाळीच श्वेताला बोलावून घेतलं होतं. शनिवारी आजोबा ठीक असल्याची नोंद होती, आणि दारावरच्या अंगठ्याच्या यंत्रात रविवारी एकटीचीच नोंद होती, प्रबंध लिहायला आलेल्या श्वेताची. त्यातून महिन्यापूर्वी चंपतरावांनी शोधनिबंधातून तिचं नाव काढलं म्हणून ती सगळ्यांसमोर त्यांच्याशी भांडली होती. झालं, गुन्हेगार सापडला! उद्या संध्याकाळपर्यंत कुप्या आणून दे, नाहीतर पोलिसात देतो आणि पीएचडीची नोंदणीही रद्द करतो, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. पोरीची पाच वर्षांची मेहनत एका वाक्यात मातीत जायची वेळ आली होती.

चंपत ढोबळे हे नाव ऐकलं आणि वच्छलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरुणपणी दोघं विद्यापीठात एकाच टेबलावर काम करत. वच्छलाबाईंनी रात्रंदिवस खपून काढलेले निष्कर्ष या माणसानं बंगलोरला जाऊन स्वतःच्या नावावर वाचून दाखवले होते. वच्छलाबाई तक्रार करायला गेल्या तर उलट त्यांनाच सुनावण्यात आलं की तुमच्या लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो. वच्छलाबाईंनी संशोधन सोडलं, सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत मेलेल्यांच्या पोटातली विषं ओळखली. पण ते वाक्य काही त्या विसरल्या नव्हत्या.

"रडू नको वं," त्या श्वेताला म्हणाल्या. "उद्या मी येतो तुझ्यासंग. तुले सोडवतो आणि त्याले पाहून घेतो."

२

संस्था मनीषनगरच्या पुढं, नव्या रस्त्याला लागून होती. मंगळवारी सकाळी वच्छलाबाईंना दारात पाहून चंपतरावांचा चेहरा कसनुसा झाला. पण माणूस मुरलेला. चहा मागवला, खुर्ची दिली, तब्येत विचारली आणि तुम्ही चौकशी करणार असाल तर उत्तमच, घरातलं घरात राहील, असंही म्हणून टाकलं.

तिथंच वच्छलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्याची आयुष्याची कमाई चोरीला जाते तो सोमवारी सकाळीच ठाण्यात पळतो. हा नुसता पोलिसांचा धाक दाखवतोय आणि चौकशी घरात राहिली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतोय!

मग त्यांनी आडवळणानं म्हाताऱ्याची चौकशी केली. कोण होता, कुठला होता? चंपतरावांना नाव ठाऊक नव्हतं. एक सर्जन मित्र होता, तो उरलेले तुकडे पाठवून द्यायचा, एवढंच. म्हातारा खेड्यातला, सत्तरीच्या पुढचा, आणि वल्ली होता असं मित्र सांगत होता म्हणे. हे सांगताना चंपतरावांना हसू आलं. म्हातारा शुद्धीवर आल्या आल्या डॉक्टरांवर उखडला होता की दुखत होतं छातीत, मग मह्या पायाले काहून चिरलं? हा किस्सा चंपतराव बाहेरगावच्या भाषणांत सांगत आणि लोक हटकून हसत.

तुकडा ठेवून घेण्याआधी त्याला कोणी विचारलं होतं का, असं वच्छलाबाईंनी विचारलं.

"अहो, फेकूनच देणार होते तो," चंपतराव म्हणाले. "कचऱ्यासाठी काय परवानगी विचारायची?"

वच्छलाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि तो त्यांना फार गोड लागला. परवानगीशिवाय घेतलेल्या माणसाच्या मांसावर हा गडी दिल्लीत मिरवणार होता. तीस वर्षांनी त्याची शेंडी त्यांच्या हातात आली होती. पण शेंडी हातात आली म्हणून श्वेता सुटत नव्हती. सहीचा एखादा कागद हा माणूस मागाहून तयार करेल आणि पोरीवरचा चोरीचा डाग तसाच राहील, हे त्या जाणून होत्या. आधी खरा हात सापडायला हवा होता.

त्या प्रयोगशाळेत गेल्या. श्वेतानं फ्लास्क जसेच्या तसे परत इन्क्युबेटरमध्ये ठेवले होते. वच्छलाबाईंनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. फ्लास्कमधलं पाणी छान गुलाबी होतं, लग्नातल्या सरबतासारखं. मग एक फ्लास्क बाहेर काढून त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. श्वेताचा जीव टांगणीला लागला.

"रविवारी इथं कोणी काही केलं नाही," त्या अखेर मान वर करून म्हणाल्या. "रविवारी हे मेलेलेच होते."

३

आता पाळी साहिलची. हा हुशार पोरगा, डॉक्टरेट झालेला, आणि हैदराबादच्या एका औषध कंपनीत त्याचं जमल्यातच जमा होतं. कुप्या विकायच्याच असत्या तर त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. शनिवारी आजोबांवर नजर टाकायची जबाबदारीही त्याचीच होती. वच्छलाबाईंनी विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यानं खिशात हात घातले आणि मी काय चोर आहे का, म्हणून एकदम चिडला.

वच्छलाबाईंनी आवाज चढवला नाही. शनिवारी तुम्ही आजोबा पाहिले का, एवढाच प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. शेवटी बिचारा कबूल झाला. बेसा भागात त्याच्या आईवडिलांसाठी फ्लॅट पाहायचा होता, बिल्डर थांबला होता, म्हणून तो घाईत येऊन गेला. फ्लास्क बाहेर काढले नाहीत, भिंगाखाली ठेवले नाहीत. इन्क्युबेटरच्या काचेतून रंग तेवढा पाहिला.

"गुलाबी होता," तो म्हणाला. "गुलाबी म्हणजे ठीक. पिवळा पडला की खाऊ घालायचं. आम्ही सगळे असंच पाहतो, मॅडम."

ही त्या प्रयोगशाळेची रीतच होती आणि श्वेतानंही मान खाली घालून ती कबूल केली. शुक्रवारी तिनंही रंगच पाहिला होता. वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. एवढी शिकलीसवरलेली पोरं, आणि ताट भरलेलं दिसलं म्हणून घरात सगळं आलबेल आहे असं समजत होती!

मग त्यांनी विचारलं की गुलाबी पाणी शेवटचं कोणी घातलं होतं.

श्वेताचा आवाज एकदम मऊ झाला. पियुषनं, ती म्हणाली. पियुष झाडे, आजोबांना सांभाळणारा संशोधन सहायक. त्याचे वडील नत्थूजी नुकतेच वारले होते. तो पारशिवनीकडच्या आपल्या गावी सुट्टीवर होता, पण बुधवारी दहाव्याचे विधी आटोपून डोक्याचं मुंडण केलेला पोरगा थेट इथं आला. मन लागत नाही म्हणाला, आजोबांना खाऊ घातलं आणि लगेच परत गेला. सोमवारपर्यंत गावातच होता, शंभर लोकांनी त्याला पाहिलंय. इतका जीव लावून काम करणारा दुसरा कोणी नाही, आत्या. मग श्वेता सांगत बसली की ती आणि साहिल त्याच्या गावी भेटायला गेले होते. चंपतरावांना सवड नव्हती. पियुषची आई नवऱ्याच्या आठवणी सांगता सांगता रडतही होती आणि हसतही होती. बायपास झाल्यावर म्हातारा घरभर भांडत होता म्हणे की दुखणं छातीचं, आणि चिरा मह्या पायाले काहून मारल्या.

वच्छलाबाईंनी तिला ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

४

त्या संस्थेच्या मागच्या कडुनिंबाखाली जाऊन एकट्याच बसल्या. मेल्या पेशींनी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांनी मनाशी एकदा नीट लावून पाहिलं.

जिवंत पेशी खातात, आणि खाल्ल्यावर त्यांच्याभोवतीचं पाणी आंबट होऊन पिवळं पडतं. बुधवारी घातलेलं पाणी सोमवारी गुलाबीच होतं. म्हणजे बुधवारनंतर कोणी धड जेवलंच नव्हतं. दुसरी गोष्ट मरणाची. विष घातलं, उकळतं ओतलं, तर पेशी फुटते आणि आतला सगळा चिखल बाहेर येतो. वच्छलाबाईंनी असली मरणं जन्मभर पाहिली होती. इथं तसं काही नव्हतं. प्रत्येक पेशी आक्रसून, स्वतःची लहान लहान गाठोडी बांधून, शिस्तीत मेली होती.

हे मरण बाहेरून येत नाही. पेशीच्या पोटात मरणाची तयारी जन्मापासून करून ठेवलेली असते. आजूबाजूनं तिला राहा, राहा असा निरोप येत राहतो, तोवर ती तयारी झाकलेली राहते. निरोप थांबला की दोन-तीन दिवसांत पेशी आपणहून आवराआवर करते. शिरांच्या अस्तराच्या पेशी तर या बाबतीत फार हळव्या. काचेत तो निरोप पोषणाच्या पाण्यात मिसळलेल्या सीरममधून, म्हणजे रक्ताच्या निवळीतून येतो. सीरम न घातलेलं पाणीही दिसायला तसंच गुलाबी असतं. काचेतून पाहणाऱ्याला काय कळणार!

म्हणजे रविवारी कोण आलं या प्रश्नाला अर्थच नव्हता. ज्याच्याकडे रविवारचा सगळ्यात पक्का पुरावा होता, तोच बुधवारी शेवटचं ताट वाढून गेला होता. आणि म्हाताऱ्याचा तो पायाचा किस्सा दोन वेगवेगळ्या तोंडांतून आला होता. आजोबा पियुषचे वडील होते.

पियुष आज सकाळीच कामावर परतला होता. वच्छलाबाईंनी त्याला झाडाखाली बोलावून घेतलं. तो आला. डोक्यावर नुकते केसांचे खुंट उगवलेले, डोळे खोल गेलेले. त्यांनी नुसतं नाव घेतलं, नत्थूजी झाडे, आणि तो समोर बसला.

"मी वाटच पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "कोणी विचारन म्हणून."

मग तो बोलत गेला आणि वच्छलाबाई ऐकत गेल्या. दोन महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदाच चंपतरावांसोबत बाहेरगावी भाषणाला गेला. तिथं त्यांनी तो किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले आणि पियुषला बापाचे शब्द ओळखू आले. घरी जाऊन त्यानं बापाच्या पायाचा व्रण पाहिला, बायपासची तारीख ताडून पाहिली. राग आला नव्हता, खरं सांगायचं तर अभिमान वाटला होता. बाबाले एकदा इथं आणून दाखवू, म्हणू पाहा तुमच्या शिरा काय करून राहिल्या, असं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात म्हाताऱ्याला दुसरा झटका आला. पियुष रजा मागायला गेला. दिल्लीची तयारी सुरू होती. चंपतराव म्हणाले, तू गेलास तर आजोबांना खाऊ कोण घालणार?

"बाबा गेले तेव्हा मी इथंच होतो, मॅडम. काचेतल्या बाबाले जेवू घालून राहिलो होतो. तिकडं खाटेवरचा बाबा माह्या हातचं पाणी मागत गेला."

वच्छलाबाई म्हणाल्या की तुझं नाव न घेताही मी श्वेताला सोडवू शकतो. रविवारी हे मेलेलेच होते हे मी दाखवून देतो, आणि बिनपरवानगीचं प्रकरण पुढं केलं की ढोबळे तुझ्या मागं लागणार नाही. तू गप राहा.

"नाही," पियुष उठून उभा राहिला. "कोणी केलं अन् काहून केलं, हे त्यायले कळलं पाहिजे. त्याच्याशिवाय माह्या जिवाले थंडावा नाही."

५

वच्छलाबाई पियुषला घेऊन चंपतरावांच्या खोलीत गेल्या. त्यांनी आधी सगळं हसण्यावारी नेलं, मग त्यांचा आवाज चढला, आणि वच्छलाबाईंनी गुलाबी पाण्याचा हिशेब मांडल्यावर तो हळूहळू खाली आला. पियुषनं काही नाकारलं नाही. चंपतरावांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला.

"लावा पोलिसांना," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते आधी विचारतील, वस्तू कोणाची चोरीला गेली. नाव सांगा. सही दाखवा."

हात मागं आला. वच्छलाबाईंनी तो मागं येताना डोळे भरून पाहिला. तीस वर्षांचं व्याज आज वसूल होत होतं, आणि त्यांना ते आवडत होतं हे लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

पण चंपतरावांचा जीव अजून कुप्यांमध्ये अडकला होता. काचेतल्या गेल्या तर गेल्या, गोठवलेल्या शाबूत असतील तर सगळं पुन्हा उभं राहील. त्यांनी पियुषपुढं अक्षरशः हात जोडले. पक्की नोकरी देतो, निबंधात तुझं नाव घालतो, तुझ्या वडिलांचं नाव पेशींना देतो, पण कुप्या कुठंयत ते सांग.

पियुषनं सांगितलं. बुधवारी रामटेकच्या अंबाळा तलावावर दहाव्याचा पिंड ठेवला होता. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. भाऊबंदांनी हात जोडून सगळं कबूल करून पाहिलं. बहिणीचं लग्न लावून देतो, आईले सांभाळतो, शेत विकत नाही. दुपार झाली तरी कावळा शिवेना, तेव्हा दर्भाचा कावळा करून कसंबसं उरकलं. काका म्हणाला, नत्थूभाऊचं इथं काहीतरी राहून गेलं असन. काय राहून गेलं होतं, ते तिथं एकट्या पियुषलाच माहीत होतं. तो तिथून थेट इथं आला, फ्लास्कांत बिनसीरमचं पाणी घातलं, कुप्या थर्मासात घातल्या आणि गुरुवारी सकाळी एकटाच परत अंबाळ्यावर गेला. भाताचा गोळा केला. कुप्या हाताच्या उबेनं वितळवल्या आणि भातावर रिकाम्या केल्या.

"मी मागं सरलोही नव्हतो, सर. कावळा माह्या हातापाशी आला."

वच्छलाबाईंच्या घरात बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर होत्या. पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक. कावळ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते गिळून टाकलं.

चंपतराव खुर्चीत खचले होते. मग त्यांची नजर हळूहळू पियुषवर आली, त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरत पायांवर थांबली आणि तिथंच राहिली. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा धुगधुगी आली. वच्छलाबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना शिसारी आली.

"तू त्यांचा मुलगा आहेस," चंपतराव खालच्या आवाजात म्हणाले. "जे त्यांच्यात होतं ते तुझ्यातही असेल. अगदी छोटा तुकडा, पियुष. दुखणार नाही. तुझी परवानगी आहे का?"

पियुष दारापाशी गेला आणि वळला.

"आज विचारलं तुम्ही," तो म्हणाला. "बाबाले एकदा विचारलं असतं, सर, तर त्यानं दुसराही पाय पुढं केला असता. मले विचारलं, तर मी नाही म्हणतो."

तो दार उघडून निघून गेला. चंपतराव अर्धवट उठले आणि त्याच्या पाठीमागून म्हणाले की घाई करू नको, विचार कर, आपण बोलू.

"नाही म्हणाला तो, ढोबळे," वच्छलाबाई म्हणाल्या. "ऐकू आलं ना?"

मग त्यांनी टेबलावरचा फोन ओढला, श्वेताचा नंबर लावला आणि रिसीव्हर चंपतरावांच्या हातात दिला. तिच्यावरचा आरोप मागं घेतला हे तिला सांगा, त्या म्हणाल्या, सगळ्यांसमोर सांगणार हेही सांगा, आणि ती माफ करते का ते विचारा. विचारायची सवय आता लागलीच आहे तुम्हाला.

चंपतरावांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि श्वेता काही उचलेना. वच्छलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली, पाय सैल सोडून बसल्या आणि त्यांना पुन्हा लावायला सांगितलं.